मोजा लहानच शिवा

डिसेंबर उजाडला की नाताळच्या मोज्याबद्दल वाचकांचे ठरावीक प्रश्न येऊ लागतात. मोजा केवढा शिवावा? कापड कोणते घ्यावे? आत किती वस्तू घालाव्यात? दोन मुलांना अगदी सारखेच द्यावे का? कोणी सांगते की इतके आणूनही मोजा अर्धा रिकामाच दिसला. कोणाची तक्रार उलटी असते: हौसेने आणलेली वस्तू मोज्याच्या तोंडातून आत जाईचना. हे प्रश्न वेगवेगळे वाटले तरी त्यांचे मूळ एकच आहे. आपण मोजा आधी शिवतो किंवा विकत आणतो आणि मग त्यात काय भरायचे याचा शोध सुरू करतो. हा क्रम उलटा करून पाहा. आत जाणाऱ्या वस्तूंची यादी आधी करा आणि त्या यादीच्या मापाने कापड बेता. तसे केले की मोजा आपोआप लहान होतो, आणि तो लहान असणे हेच त्याचे सामर्थ्य आहे. मोठ्या मोज्याला खर्च जास्त लागतो, त्यात भरताडीच्या वस्तू येतात, तो टांगला की ओघळतो आणि मुलांना त्यातले निम्मे दुसऱ्या दिवशी आठवतही नाही.

मोज्याचे मूळ माप

या प्रथेची गोष्ट संत निकोलस यांच्याशी जोडली जाते. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात असलेल्या मायरा या गावचे ते बिशप होते. एका गरीब बापाला तीन मुलींची लग्ने करणे जमत नव्हते, तेव्हा निकोलस यांनी रात्री गुपचूप त्याच्या घरात सोने टाकले, अशी दंतकथा आहे. तिच्या एका रूपात ते सोने वाळत घातलेल्या मोज्यात पडते. तो मोजा पायात घालायचा, रोजच्या वापरातला होता, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. १८२३ साली २३ डिसेंबरला न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात निनावी छापून आलेली आणि पुढे क्लेमंट मूर यांची मानली गेलेली कविता अमेरिकेत घरोघर पोचली, तिच्यातही धुराड्याशी टांगलेले मोजे आहेत. नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या सुमारास मुले बूट मांडून ठेवतात, जर्मनीतही त्याच रात्री बूट दाराशी ठेवले जातात. इटलीत बेफाना नावाची म्हातारी ६ जानेवारीच्या आदल्या रात्री मोजे भरून जाते. या सगळ्यांत भेट ठेवायचे भांडे माणसाच्या पावलाएवढेच आहे. पायात न घालता फक्त टांगण्यासाठी केलेला, हातभर लांबीचा लाल मोजा नंतर बाजारात आला, आणि आपल्या बहुतेक अडचणी त्याच्यासोबत आल्या.

महाराष्ट्रात आणि गोव्यात नाताळ म्हटले की गोठा, कागदी चांदणी आणि फराळ आठवतो. मोजा आपल्याकडे शाळा, गोष्टींची पुस्तके आणि परदेशातले नातेवाईक यांच्यामार्फत जास्त आला. म्हणूनच त्याचे माप, कापड आणि भरण आपण आपल्या घराला साजेसे ठरवू शकतो. कुठल्या जाहिरातीतल्या मोज्याची बरोबरी करायला आपण बांधलेले नाही.

आधी यादी, मग कापड

माझे म्हणणे असे की एका मोज्यात सात वस्तू पुरतात. सात या आकड्यात काही गूढ नाही. सकाळी उठलेले मूल एकेक वस्तू बाहेर काढते, तेव्हा प्रत्येक वस्तूजवळ ते थोडे थांबले पाहिजे. चारच वस्तू असल्या तर हात लगेच तळाला लागतो. पंधरा असल्या तर मूल मोजाच पालथा करते आणि ढीग चाळू लागते. सात वस्तूंमध्ये खाण्याच्या दोन, हातांना काम देणाऱ्या दोन, रोज लागणारी एक, खेळायची एक आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी एक अशी वाटणी सहसा जमते. यादी झाली की सगळ्यांत जाड वस्तू कोणती ते पाहा. ती बहुतेक वेळा संत्रे असते, सुमारे पावणेतीन इंच व्यासाचे. मोज्याचे तोंड सपाट मोजून सहा इंच ठेवले तर त्याचा घेर बारा इंच होतो, म्हणजे उघडल्यावर पावणेचार इंचांचे गोल भोक. त्यातून संत्रे आत जाते आणि मोठ्या माणसाची मूठही जाते. पत्त्यांचा जोड, पेन्सिली, गुंडाळलेले छोटे पुस्तक, चिक्कीची वडी हे सगळे त्यात येते. तोंडातून न जाणारी वस्तू त्या मोज्यासाठी नाही, इतका साधा नियम पाळा.

कापड कोणते

- जुनी सोलापुरी चादर: जाड, टिकाऊ आणि नक्षी आयती. सुती धाग्याची वीण सैल असल्याने कापलेल्या कडा लगेच उसवतात, म्हणून कापल्याबरोबर कडेने काजटाका किंवा मशीनची झिगझॅग टीप घालून घ्या.
- जुन्या साड्यांची गोधडी: दोन-तीन पदर एकत्र धावदोऱ्याने शिवून मग त्यावर मोजा बेता. आजीच्या साडीचा मोजा मुलाकडे वर्षानुवर्षे राहतो. अस्तर वेगळे लागत नाही.
- खण: सबंध मोज्यासाठी पातळ पडतो, तोंडाच्या पट्टीसाठी उत्तम.
- मांजरपाट किंवा खादी: भरतकाम करायचे असेल तर हेच घ्या. दोन्ही आटतात, म्हणून आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापा.
- फेल्ट: कडा उसवत नाहीत, माया सोडावी लागत नाही, अस्तर नको. मुलांना सोबत घेऊन करायचे असेल तर सोयीचे. मात्र वजनाने ते ताणते, तेव्हा टांगायची नाडी दुहेरी तुकड्यावर शिवा.

लाल कापड घेत असाल तर पांढरा ओला फडका त्यावर घासून पाहा. फडका रंगला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत कापड धुवा, नाहीतर संत्र्याचा ओलावा लागून अस्तर गुलाबी होईल. छत्तीस इंच पन्ह्याच्या अर्ध्या मीटर कापडात एका मोज्याचे बाहेरचे दोन्ही भाग बसतात. अस्तराला तेवढेच दुसरे सुती कापड लागते. विणकाम येत असेल तर लोकरीचा मोजाही सुंदर होतो, पण तो भरल्यावर लांबतो, म्हणून दोन इंच आखूडच विणा.

बेतणे आणि शिवणे

१. वर्तमानपत्रावर सहा इंच रुंद, चौदा इंच उंच उभा आयत काढा. त्याच्या तळाशी, पुढच्या बाजूला तीन इंच लांब आणि पाच इंच उंच असा तुकडा जोडा. काटकोनी बूट दिसेल. टाच आणि चवडा गोल करा, घोट्यापाशी आतला कोपरा वाटीच्या कडेसारखा वळवा. टाचेपासून चवड्यापर्यंत पाऊल नऊ इंच भरेल.

२. चारही बाजूंनी अर्धा इंच माया सोडून कागद कापा.

३. कापडाची सुलटी बाजू आत येईल अशी घडी घालून, त्यावर कागद ठेवून दोन्ही भाग एकदम कापा. अस्तरही तसेच कापा.

४. बाहेरचे दोन भाग सुलटी बाजू आत ठेवून जोडा, तोंड मोकळे ठेवा. हाताने शिवत असाल तर धावदोरा पुरणार नाही, बखिया घाला. घोट्याच्या आतल्या वळणावर मायेला कातरीने छोटे छोटे छेद द्या, पण टाक्यापासून दोरा-दोन दोरे लांब थांबा. मग मोजा उलटवा.

५. अस्तर शिवताना माया किंचित जास्त धरा, म्हणजे ते बाहेरच्या मोज्यात सुरकुत्या न पडता बसते. अस्तर न उलटवता आत सरकवा आणि दोन्हींच्या तोंडाच्या कडा जुळवून टाचून घ्या.

६. सहा इंच लांब, अर्धा इंच रुंद सुती पट्टी दुमडून नाडी करा. टाचेकडच्या शिवणीवर, अस्तराच्या बाजूने, तोंडाच्या कडेला तिची टोके लावा. नाडीचा फास खाली, मोज्याच्या आत लोंबू द्या.

७. तोंडासाठी तेरा इंच लांब, चार इंच रुंद खणाची पट्टी घ्या आणि टोके जोडून तिचे कडे करा. हे कडे मोज्याच्या आत घाला, त्याची सुलटी बाजू अस्तराकडे राहील असे. अर्धा इंच माया धरून सगळे थर एकत्र शिवा. आता पट्टी बाहेर उलटवा, खालची कड अर्धा इंच आत दुमडून बारीक हेम घाला. पट्टी उलटली की आत लोंबणारी नाडी आपसूक वर येते आणि तिची टोके शिवणीत कायमची अडकतात.

इतक्या पायऱ्या वाचून दडपून जाऊ नका. हाताने शिवणाऱ्याला एका मोज्यासाठी दोन-तीन संध्याकाळी लागतात. तीन मोजे करायचे असतील तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कापड कापून ठेवलेले बरे.

हमखास चुकते ते इथे

पहिली चूक कापण्यात होते. कापड एकेरी पसरून कागद दोनदा एकाच दिशेने ठेवला की दोन्ही भाग एकाच पायाचे निघतात, आणि जोडताना एका बाजूला कापडाची उलटी बाजू बाहेर येते. घडी घालून कापले की दोन्ही भाग आरशातल्यासारखे निघतात. चूक झालीच असेल तर कापड फेकू नका. तो भाग दुसऱ्या मोज्याला वापरा आणि जोडीला एक भाग कागद पालथा ठेवून नव्याने कापा.

दुसरी चूक नाडीत होते. मोज्याचे सगळे वजन त्या अर्ध्या इंचावर येते. दोन संत्र्यांचेच तीनशे ग्रॅम होतात, बाकी वस्तू धरून पाऊण किलोच्या आत राहा. मोजा टांगायच्या आदल्या रात्री तेवढ्या वजनाची डाळीची पिशवी त्यात घालून तासभर अडकवून बघा. टाका उसवायचा असेल तर तेव्हाच उसवू दे.

तिसरी चूक नावात होते. वर सांगितलेल्या पद्धतीत पट्टी उलटते, म्हणून मोज्याला शिवली जाणारी कड शेवटी वरची होते. नाव भरताना अक्षरांचा माथा त्या कडेकडे असू द्या, आणि वरून अर्धा इंच माया सोडायला विसरू नका. भरतकाम कडे जोडण्यापूर्वी, पट्टी सपाट असतानाच करा. देवनागरी नाव भरायला सोपे असते: आधी शिरोरेषा बखियाने सरळ ओढून घ्या, मग तिच्याखाली एकेक अक्षर साखळी टाक्याने लटकवा. रेष सरळ असली की अक्षरे थोडी वाकडी झाली तरी नाव नीट दिसते. मात्रा आणि वेलांटीसाठी रेषेच्या वर पाव इंच जागा राखा.

वेळ नसेल, शिवण येत नसेल तर

बाजारात तयार मोजा याहून कमी पैशांत मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्त आहे. घरच्या मोज्यात पैसे वाचतातच असे नाही. कापड, दोरा आणि तीन संध्याकाळी यांचा हिशेब मांडला तर तयार मोजा स्वस्तच ठरेल. फरक पडतो तो मापात आणि पुन्हा वापरण्यात. तयार मोजे बहुधा मोठे असतात आणि त्यांचा आकारच तुम्हाला जास्त भरायला लावतो. कापड पातळ असले तर वस्तूचे कोपरे बाहेर टोचतात आणि आतले गुपित रात्रीच फुटते. घरचा मोजा तुमच्या यादीच्या मापाचा असतो, तो धुता येतो, उसवला तर सांधता येतो आणि त्यावर नाव असल्याने तो दरवर्षी त्याच मुलाचा राहतो. चार-पाच वर्षांत दरवेळी नवा मोजा घ्यावा लागला नाही, तर तो महागही पडत नाही.

तरीही शिवणे शक्यच नसेल तर तयार मोठ्या मोज्यापेक्षा खराखुरा मोजा घ्या: शाळेच्या गणवेशाचा नवा, गुडघ्यापर्यंतचा, पांढरा सुती मोजा. वरच्या काठाला खणाची पट्टी आणि नाडी एवढेच शिवा. तो ताणतो, म्हणून त्यात चार-पाच हलक्या वस्तूच घाला. नाताळ झाला की पट्टी उसवून मूल तो शाळेत घालू शकते. प्रथेच्या मूळ रूपाशी हा मोजा सगळ्यांत जवळचा आहे, त्यामुळे वेळ कमी पडला म्हणून खंत वाटायचे कारण नाही.

आत काय घालावे

युरोप-अमेरिकेत मोज्याच्या चवड्यात संत्रे घालायची जुनी रीत आहे. थंड देशांत हिवाळ्यात संत्रे दुर्मीळ असे, आणि त्याचा गोल सोनेरी रंग निकोलस यांच्या सोन्याची आठवण देतो असे सांगतात. आपल्याकडे ही रीत फारच सोयीची आहे, कारण नागपुरी संत्र्याच्या आंबिया बहाराचे फळ साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत बाजारात असते. संत्र्याला चवड्यात घालण्यामागे व्यवहारही आहे. गोल, जड फळ तळाशी बसले की पाऊल फुगते, मोजा सरळ लोंबतो आणि वरच्या हलक्या वस्तूंना बैठक मिळते. साल सैल झालेले, पिलपिलीत फळ घेऊ नका. घट्ट आणि हाताला जड लागणारे निवडा.

बाकीच्या वस्तू निवडताना एक कसोटी लावा: नाताळनंतर आठवड्याने ही वस्तू घरात कुठे असेल? केराच्या टोपलीत किंवा सोफ्याखाली, असे उत्तर आले तर ती यादीतून काढा. भिंग, भोवरा, सागरगोटे, घडीकामाचे रंगीत कागद, लोकरीचा छोटा गुंडा आणि क्रोशेची सुई, मेथीच्या किंवा झेंडूच्या बियांची पुडी, सावंतवाडीचे छोटे लाकडी फळ, नाव भरलेला हातरुमाल, चांगला खोडरबर, पत्त्यांचा जोड या वस्तू त्या कसोटीला उतरतात. मोठ्या मुलाला मोजपट्टी, छोटा स्क्रूड्रायव्हर, शाईची दौत (घट्ट झाकणाची, पिशवीत बांधून) द्या. आजी-आजोबांसाठीही मोजा करावा असे मी आग्रहाने सांगेन: चष्मा पुसायचे मऊ कापड, सुईत दोरा ओवायची छोटी पत्री, वेलदोडे, नातवंडाने काढलेले चित्र. त्यांच्या मोज्यात वस्तू कमी असल्या तरी हरकत नाही, चिठ्ठी मात्र लांब असू द्या.

घरच्या फराळातले काय घालावे हे पदार्थाच्या अंगावर ठरते. कुलकुल लहान, कोरडे आणि कडक असतात, त्यामुळे छोट्या डबीत घालून मोज्यासाठी सर्वोत्तम. नेवऱ्यांची पारी मोडते, त्यांना ताटातच राहू द्या. दोदोलचा तूपकट डाग कापडावरून जाता जात नाही, द्यायचाच असेल तर बटर पेपरमध्ये गुंडाळून वर डबी हवी. चिक्की चालते, पण तिचा कोपरा अस्तरात रुतू नये म्हणून ती कागदात गुंडाळा. उघडे गोड काहीच नको. आपल्या हवेत मोजा रात्रभर टांगला की मुंग्यांना नाडीवरून वाट सापडतेच.

भरण्याचा क्रम असा ठेवा: चवड्यात संत्रे, टाचेत कोपरे नसलेली मऊ वस्तू, नडगीच्या पुढच्या बाजूने सपाट वस्तू उभ्या, मध्ये डब्या, आणि तोंडातून डोकावेल असे एखादे काही, जसे रंगीत पेन्सिलींची जुडी किंवा कागदी भिंगरी. चिठ्ठी शेवटी घालावीशी वाटते, पण ती संत्र्याच्याही खाली, अगदी तळाशी घाला. मग ती सगळ्यांत शेवटी सापडते आणि तेव्हा मूल ती वाचते. वर ठेवलेली चिठ्ठी बाजूला पडते.

वयाचे भान

लहान वस्तूंचा आग्रह धरणाऱ्याने इथे दुप्पट सावध राहिले पाहिजे, कारण वस्तू जितकी लहान तितकी ती घशात अडकण्याची भीती जास्त. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची चाचणी घ्यायला सुमारे ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात मावणारी वस्तू त्या वयाला धोक्याची समजली जाते. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असते, म्हणजे नाण्याएवढी कुठलीही वस्तू या परीक्षेत नापास. घरात मोठे आणि लहान अशी दोन्ही मुले असतील तर धाकट्याच्या वयाचा नियम दोन्ही मोज्यांना लावा, कारण सकाळी सगळे एकाच सतरंजीवर उघडले जाणार आहे.

- एक वर्षाखाली: मध किंवा मधाचा पदार्थ अजिबात नको. कापडी खुळखुळा, मऊ कापडी पुस्तक पुरे.
- तीन वर्षांखाली: मणी, गोट्या, सुटे डोळे लावलेली बाहुली, छोटी चाके नकोत.
- पाच वर्षांखाली: अख्खे शेंगदाणे, बदाम, कडक गोळ्या, चिक्की नको.
- आठ वर्षांखाली: न फुगवलेले फुगे एकट्या मुलाच्या हाती देऊ नका.
- कुठल्याही वयात: सुटे छोटे शक्तिशाली चुंबक नकोत.

बटनासारख्या सेलबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण नाताळात लुकलुकणारे बिल्ले, वाजणारी कार्डे आणि दिव्यांच्या टोप्यांचा सुळसुळाट असतो आणि त्या बहुतेकांत हा सेल असतो. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच गंभीर भाजू शकते. मूल रडेलच असे नाही, त्यामुळे संशय आला तरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. अशी वस्तू घ्यायचीच असेल तर सेलचे झाकण स्क्रूने बंद असलेली घ्या. नुसत्या खाचेत बसणारे झाकण असेल तर ती दुकानातच ठेवा. घरात कुत्रा असेल तर चॉकलेट आणि मनुका असलेला मोजा त्याच्या उडीच्या टप्प्याबाहेर टांगा, दोन्ही त्याला विषासारखे आहेत.

खरेदीत तुमचा हक्क

वीस-तीस रुपयांच्या वस्तूचे बिल कोण मागणार, असे वाटते. पण कायदा किमतीवरून वस्तूत भेद करत नाही. या काही गोष्टी लक्षात ठेवा.

- १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. चिन्ह नसलेले कारखान्यातले खेळणे घेऊ नका.
- नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना यातून सूट आहे. त्यामुळे लाकडी भोवऱ्यावर चिन्ह नसले म्हणजे तो खोटा असे नव्हे. तो ओल्या फडक्याने घासून रंग सुटतो का, कुसे टोचतात का, हे स्वतः पाहा.
- पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत. सणाची गर्दी ही सबब चालत नाही.
- ऑनलाइन विक्रेत्याने परत घेण्याच्या अटी आणि वस्तू कोणत्या देशात बनली ते दाखवायला हवे. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करावे, असा २०२० चा नियम आहे.
- दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी बिल जपा.

चॉकलेटचे मोठे पाकीट फोडून गोळ्या तीन मोज्यांत वाटत असाल तर पाकीट फेकू नका. घटक आणि मुदतीची तारीख बहुतेक वेळा मोठ्या पाकिटावरच असते, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले पाहुणे मूल आले तर तुम्हाला ते वाचावे लागेल.

दोन मुले, आणि एक मोठी इच्छा

भावंडांमध्ये समानता किमतीची ठेवावी की संख्येची? मी संख्येची म्हणेन. सात वर्षांच्या मुलाला शंभर आणि वीस रुपयांतला फरक जाणवत नाही, पण बहिणीने आठव्यांदा हात घातला हे लगेच कळते. मोजे एकाच मापाचे आणि वस्तू तेवढ्याच ठेवा, वस्तू मात्र ज्याच्या त्याच्या आवडीच्या असू द्या. एका मोज्याला साडेतीनशे रुपये ठरवले तर सात वस्तूंना सरासरी पन्नास येतात. चिठ्ठीला आणि घरच्या कुलकुलांना फारसे काही लागत नाही, तेव्हा एखाद्या वस्तूला दीडशेपर्यंत जाता येते.

मुलांना छोट्या वस्तू आवडत नाहीत, त्यांना एकच मोठे काहीतरी हवे असते, असेही पालक सांगतात. सायकल हवी असलेल्या मुलाला भोवऱ्याने समाधान होणार नाही, हे खरेच आहे. पण मोजा सायकलीची जागा घ्यायला नाहीच. सायकल द्यायची असेल तर मोज्यात तिची किल्ली किंवा ती कुठे ठेवली आहे याचा चिठ्ठीत लिहिलेला माग घाला. द्यायची नसेल तर मोज्याचा आकार वाढवून ती उणीव भरत नाही. तेव्हा मुलाशी आधीच सरळ बोला की यंदा सायकल नाही. तू वाईट वागलास म्हणून सांता मोजा रिकामा ठेवील, अशी धमकी तर कधीच देऊ नका. ज्या संताच्या नावाने हे चालते, त्यांनी त्या तीन मुलींकडून चांगल्या वागणुकीचा पुरावा मागितला नव्हता.

इतरांच्या मुलांसाठी

सोसायटीतल्या किंवा वर्गातल्या मुलांसाठी मोजे करणार असाल तर सर्वांचे एकसारखे करा, खाण्याची वस्तू बंद पाकिटातली ठेवा आणि पालकांना आधी यादी कळवा. शेजारचे ख्रिस्ती कुटुंब हा सण कसा करते ते विचारा. काही घरांत मध्यरात्रीच्या मिसाला जाऊन आल्यावरच भेटी उघडतात, आणि संध्याकाळीच दिलेला मोजा त्यांच्या रिवाजाच्या आड येतो. बालगृहात द्यायचे असतील तर अधीक्षकांना विचारून, मुलांची वये आणि संख्या घेऊन मगच कापड आणा. तिथल्या मुलांची ओळख पटेल असा फोटो कुठेही टाकू नका. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार त्याला मनाई आहे. परदेशातल्या नातवंडांना पाठवायचा असेल तर मोजा रिकामा, सपाट घडी करून पाठवा आणि भरायचे काम तिथल्या आईबाबांकडे द्या. फळे आणि बिया अनेक देशांच्या सीमेवर अडवल्या जातात.

टांगणे आणि नंतर

आपल्या घरांत धुराडे नसते, त्यामुळे मोजा कुठे टांगावा हाही प्रश्न येतो. खिडकीचे गज, पलंगाची उशाकडची कड, दाराची कडी, कपाटाची मूठ, काहीही चालते. गॅसच्या शेगडीजवळ, देवघरातल्या समईजवळ किंवा तापणाऱ्या दिव्यांच्या माळेला अडकवू नका, आणि तान्ह्या बाळाच्या पाळण्याला तर मुळीच नको. परदेशात खरे धुराडे असेल तर विस्तव विझल्यावरच मोजे तिथे लावा. सगळ्या मोज्यांचे चवडे एकाच दिशेला येतील असे पाहा. नाडी टाचेच्या बाजूला शिवली असली की ते आपोआप जमते. सुक्या वस्तू दोन दिवस आधी भरून ठेवायला हरकत नाही, पण त्यामुळे संत्रे तळाशी जात नाही, म्हणून सगळे एका पिशवीत क्रमाने लावून ठेवा आणि भरणे २४ तारखेच्या रात्रीच करा.

सण झाला की मोजा उलटवून अस्तरातले चुरे झटका, गार पाण्यात हाताने धुवा, सावलीत वाळवा. नाडीचा टाका सैल झाला असेल तर तो तेव्हाच पक्का करा. कडुनिंबाची वाळलेली पाने घालून कापडी पिशवीत ठेवा आणि वर्तमानपत्राचा तो कागदी बेतही त्याच पिशवीत घाला. घरात नवे बाळ येईल तेव्हा त्याचा मोजा बाकीच्यांच्याच मापाचा निघेल.